पांढरा झेंडा वर जात नाही तोवर

जुलैच्या अखेरीस आमच्या साताऱ्याच्या घरी एक फोन आला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “जाधव सरांस्नी द्या जरा. एम. जाधव.”

“एम. जाधव मीच. मनीषा.”

मग ते म्हणाले, “आवं, आमाला होड्यांच्या शर्यतीला पंच पायजे हाय.”

“मी पंचच आहे.”

“व्हय, पर बाई हायसा म्हणून कुणी सांगितलं न्हवतं.” मग त्यांनीच तोड काढली. “मग असं करूया. तुमी बक्षीस वाटाय या. साडीचोळी करू, मानानं आणू.”

मी शाळेत खेळ शिकवते. कॉलेजात असताना पुण्यात चार वर्षं वल्हं मारलं, पुढे परीक्षा देऊन पंच झाले. त्याला आता बारा वर्षं होतील. बक्षीस वाटायला कुणीही चालतं, सुरुवात करायला शिकलेलं माणूस लागतं, असं मी त्यांना सांगितलं. पंच म्हणून बोलावलं तर येईन, नाहीतर नाही. “इचारून सांगतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. हे आयोजन समितीचे अध्यक्ष, गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, “या.”

दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी गेलेच असते.

गाव कुंडलच्या पुढे, कृष्णाकाठचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला मी गाडी काढली. मागच्या सीटवर लाल झेंडा, पांढरा झेंडा, हातातला भोंगा, दोन वॉकीटॉकी, स्टॉपवॉच आणि सुतळीची तीन बंडलं. साताऱ्याहून कराडपर्यंत हमरस्ता आहे, पण पुलांची कामं चालू असल्यानं मधेमधे सेवा रस्त्यावर उतरावं लागतं. तासवड्याचा टोल धरून तास-सव्वा तास ठेवा. गाडी नसेल तर एसटीनं कराड गाठावं आणि तिथून तासगावची गाडी धरावी. ती कुंडलवरून जाते.

मलकापूरला नजीरभाई मुलाणी रस्त्याच्या कडेलाच उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. नजीरभाई सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. फौजेच्या संघातून वल्हं मारायचे, आता माझ्यासारखेच पंच आहेत. होड्या एका रेषेत आहेत की नाहीत हे बघणारा जो पंच असतो, त्या कामात त्यांचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. दोघांचे चहासकट दोनशे रुपये झाले आणि दिवसभर पोटाला आधार राहिला. तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागून घ्या.

“मॅडम, मागल्या साली तितं काय झालं म्हाईत हाय का?” नजीरभाईंनी विचारलं.

मला अर्धवट माहीत होतं. त्यांनी पुरं सांगितलं. दरवर्षी स्टेजवरचे पाहुणे हात वर करायचे, कुणीतरी आटमबॉम लावायचा आणि होड्या सुटायच्या. गेल्या वर्षी यजमान गावाची होडी बॉम्बच्या आधीच सुटली, असं पलीकडच्या काठाचं म्हणणं. न्हाई सुटली, असं या काठाचं म्हणणं. वल्ह्यांनी मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली. यंदा पुन्हा सुरुवातीवरून भांडण झालं तर शर्यत कायमची बंद, असं ग्रामसभेत ठरलं होतं. म्हणून बाहेरचा पंच.

“म्हंजे चूक झाली तर आपल्या माथी,” नजीरभाई म्हणाले, आणि पाव संपवून उठले.

कार्वे, शेणोली करत कुंडलचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना ऊस इतका वाढलेला की वळणावर समोरचं दिसत नाही. हॉर्न वाजवत जा. ट्रॅक्टरवाले आपणहून बाजू देतात, दुचाकीवाले देत नाहीत. दहाच्या सुमारास आम्ही गावात पोचलो. मुक्काम शोभावहिनींच्या माडीवर होता. त्यांचे यजमान विट्याकडच्या बऱ्याच लोकांसारखे सोनं गाळायच्या धंद्यात, केरळात असतात. वहिनी एकट्या घर आणि शेत दोन्ही बघतात. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, “तुमीच झेंडा टाकणार?”

“मीच.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग उद्या मी घाटावर न्हाई थांबत, सुरवातीला येती बगाय.”

आता मुख्य काम. शर्यत बघायला येणाऱ्याला वाटतं, झेंडा खाली आला की शर्यत सुरू. पंचाची शर्यत आदल्या दिवशीच सुरू होते. आम्हाला आधी नदी बघायची होती. नावाडी हिंदुराव आबांनी आम्हाला त्यांच्या नावेत घेतलं. आबांचं वय सत्तरीच्या पुढे, पाणी बघताना डोळे बारीक करायची सवय. समितीनं सुरुवातीची जागा ठरवून तिथं काठावर स्टेजही बांधून टाकलं होतं, वर मांडव, खुर्च्यांना कापड. मी सुतळीच्या टोकाला लाकडाचा तुकडा बांधून काठाजवळ सोडला, तसाच दुसरा मध्यावर आणि तिसरा पलीकडे. पलीकडचा तुकडा बघता बघता पुढे निघून गेला. काठाजवळचा रेंगाळत राहिला.

“हितं नदी वळती,” आबा म्हणाले. “भाईरच्या अंगाला पानी पळतं. हितनं सोडलं तर पल्याडची होडी नुसती बसून बी फुडं जाईल.”

“हे समितीला सांगितलं नाही कधी?”

“मला कोन इचारतंय, बाई.”

मी विचारलं, मग सोडायला चांगली जागा कुठली. आबांनी नाव वर घेतली. स्टेजपासून दोनशे पावलं वर नदी सरळ होती. तिथं तिन्ही तुकडे जवळजवळ सारखे वाहिले. सुरुवातीची रेषा इथंच घ्यायची, असं मी ठरवलं.

दुपारी अण्णा आले. धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, आवाज मोठा पण वागणं अदबीचं. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आवं, स्टेज खाली आन सुरवात वर. पावणं काय बगणार मग?”

“पाहुणे शर्यत बघतील. होड्या त्यांच्यासमोरूनच जातील.”

“उद्घाटन त्यांच्या हातनं हाय.”

“नारळ त्यांनी फोडावा. शर्यत मी सोडणार. आणि आटमबॉम नको, आवाज एकच पाहिजे, माझा.”

अण्णांनी नजीरभाईंकडे पाहिलं. बाईपेक्षा बुवा ऐकेल, असं त्यांना वाटलं असावं. नजीरभाई म्हणाले, “साहेब, ऑर्डर मॅडमची हाय.” अण्णांनी होकार दिला. जागा बदलली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. मला त्यांना पटवायचं नव्हतंच. मला सहा होड्यांना सारखं पाणी द्यायचं होतं.

संध्याकाळपर्यंत रेषा आखली. काठावर दोन उंच कळक, म्हणजे बांबू, एकामागे एक रोवायचे आणि समोरच्या काठावर तिसरा. नजीरभाई मागच्या कळकामागे उभे राहतात. तिन्ही कळक एकावर एक दिसले की ती रेषा, आणि सहाही होड्यांची नाकं त्या रेषेला टेकली पाहिजेत. अडचण अशी की पलीकडचा कळक उसाच्या हिरव्यात हरवत होता. शोभावहिनी घरी गेल्या आणि एक शेंदरी नायलॉनची साडी घेऊन आल्या. “लगनात मामानं दिल्याली. कवा नेसली न्हाई, लय टोचती.” ती कळकाला गुंडाळली आणि रेषा लख्ख दिसायला लागली.

रात्री वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि वांब माशाचं कालवण वाढलं. या बाजूला आलात तर नदीचा मासा सोडू नका, फक्त काटा जपून. नजीरभाईंनी दोन भाकऱ्या जास्त घेतल्या. साडेनऊला आम्ही झोपलो.

सकाळी आठला होड्यांची तपासणी. ह्या लांब लाकडी होड्या, प्रत्येकीत दहा वल्हेकरी आणि मागे सुकाणूवर एक जण. आमच्या स्पर्धांतल्या होड्यांत वल्हवणारे पाठमोरे बसतात, म्हणून पंच मागे उभा राहिलेला त्यांना दिसतो. इथं सगळ्यांची तोंडं पुढे. म्हणून मी रेषेच्या तीसेक पावलं पुढे, काठावर उसाची ट्रॉली लावून घेतली, तिच्यावर उभी राहणार होते. गावच्या शाळेतली पितळी घंटा ट्रॉलीच्या कठड्याला टांगली. होडी उलटली तर म्हणून मोटारबोट खाली तयार ठेवली. होड्यांच्या टोकाला जुन्या टायरची ट्यूब गुंडाळायला लावली, म्हणजे धडक झाली तरी कुणाच्या बरगडीत लाकूड जायला नको. अंगात जीवरक्षक जॅकेट नाही तो होडीत नाही, हेही सांगितलं. यावर यजमान गावच्या होडीचा कप्तान संभा जरा घुटमळला. खांदे रुंद, आवाज हळू.

“मॅडम, जॅकिटानं हात अडतो.”

“सहाही होड्यांचा सारखाच अडेल.”

त्यानं मान डोलावली आणि घातलं.

मग सहा कप्तानांना झाडाखाली बसवलं. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या. सुरुवात कशी होणार ते तीनदा सांगितलं, कारण सगळा खेळ त्याच्यावरच होता. पाच मिनिटं राहिली की एकदा सांगीन, दोन मिनिटं राहिली की पुन्हा. मागे नांगरलेल्या नावांतली माणसं होडीचं शेपूट हातानं धरून ठेवतील. नजीरभाई एकेका होडीला पुढे-मागे घ्यायला लावतील. सगळी नाकं रेषेला आली की त्यांचा पांढरा झेंडा वर जाईल. मग मी एकेका होडीचं नाव घेईन. मग म्हणेन, ‘तयार’. लाल झेंडा वर. थोडं थांबेन, किती ते सांगणार नाही. मग झेंडा खाली आणि ‘चला’. झेंडा आधी दिसतो, आवाज उशिरा पोचतो, म्हणून डोळे झेंड्यावर ठेवायचे. आधी सुटलं तर घंटा वाजेल, एक ताकीद. दुसऱ्यांदा सुटलं तर होडी बाहेर.

“आन स्टेजवरनं काय झालं तर?” पलीकडच्या काठाच्या एका कप्तानानं विचारलं.

“आकाश कोसळलं तरी माझ्या झेंड्याशिवाय कुणी हलायचं नाही.”

पाहुणे दोनला येणार होते, तीनला आले. तोवर वारा उठला होता. होड्या रेषेला लावायला घेतल्या की वारा त्यांना तिरक्या करायचा. नजीरभाई वॉकीटॉकीवर बोलत होते, “चार नंबर, एक वल्हं मागं. दोन नंबर, थांब गड्या. पाच नंबर, फुडं, अजून, बास.” तेच मी भोंग्यातून होड्यांना सांगत होते. पाच जुळल्या की सहावी सरकायची. पंचाच्या कामातला हाच भाग सगळ्यात जड आहे. दोन्ही काठांवर माणसांची भिंत, हलगी वाजतेय, सगळ्यांना घाई, आणि आपण एका माणसाच्या हाताकडे बघत उभं राहायचं.

स्टेजवरचा लाउडस्पीकर सुरू झाला. अण्णांचाच आवाज. “पंचांना विनंती हाय, पाहुण्यांना फुडं कार्यक्रम हाय. शर्यत सुरू करावी.”

मी हलले नाही. दोन मिनिटांनी पुन्हा, “पंच, सुरू करा.” काठावरचे लोक माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, “आवं बाई, टाका की झेंडा.” ट्रॉलीखाली शोभावहिनी गावातल्या दहा-बारा बायकांना घेऊन उभ्या होत्या. त्या त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, “त्यास्नी कळतं कवा टाकायचा.” झेंडा टाकणं सगळ्यात सोपं होतं. सगळे खूश झाले असते आणि तीन नंबरची होडी हातभर मागे राहून हरली असती.

वॉकीटॉकीवर नजीरभाई शांतपणे म्हणाले, “मॅडम, तीन नंबर अजून मागं हाय. मी झेंडा देत न्हाई.”

“देऊ नका,” मी म्हणाले. “मी थांबलेय.”

आणि तेवढ्यात स्टेजच्या बाजूला बॉम्ब उडाला.

कुणी लावला, कुणाच्या सांगण्यावरून लावला, मला माहीत नाही. हात वर केलेले पाहुणे मात्र मला तिथून दिसले. यजमान गावची होडी उसळली. संभाच्या दहा वल्ह्यांनी एकदम पाणी कापलं, मागच्या माणसाच्या हातातून शेपूट निसटलं आणि होडी आपल्या लांबीच्या दुप्पट पुढे गेली. मी लाल झेंडा आडवा हलवला आणि घंटा बडवली. बडवत राहिले.

बाकीच्या पाच होड्या जागच्या हलल्या नव्हत्या. पन्नास माणसं वल्ही पाण्यावर धरून माझ्याकडे बघत होती. काठावरचे लोक त्यांना ओरडून सांगत होते, चला, सुटले बघा ते. एकही वल्हं पाण्यात गेलं नाही. पलीकडच्या काठाचा तो सकाळचा कप्तान उभा राहून आपल्या माणसांना म्हणत होता, “थांबा रं. झेंडा न्हाई.”

संभानं होडी थांबवली, वळवली आणि परत आणली. प्रवाहाविरुद्ध आणायला त्यांना बरीच ताकद घालावी लागली. माझ्यासमोर आल्यावर तो म्हणाला, “आवाज झाला आन हात गेलं, मॅडम.”

त्याला सोडून देता आलं असतं. बॉम्ब काही त्यानं लावला नव्हता. पण बॉम्ब सहाही होड्यांनी ऐकला होता आणि पाच थांबल्या होत्या. मी भोंग्यातून, दोन्ही काठांना ऐकू जाईल असं सांगितलं, “एक नंबर होडी, चुकीची सुरुवात. पहिली ताकीद.” या काठावर गलका झाला. संभानं पाठीमागं हात करून आपल्या माणसांना गप्प केलं आणि होडी रेषेला लावली.

मग मी लाउडस्पीकरला उत्तर दिलं. स्टेजवरून अजून एक आवाज झाला तर शर्यत रद्द करून मी साताऱ्याला परत जाईन, आणि का गेले ते लेखी देऊन जाईन, एवढंच म्हणाले. माझा भोंगा त्यांच्या लाउडस्पीकरपुढे काहीच नव्हता, पण नदीवर एकदम सामसूम झाली. हलगीसुद्धा थांबली.

दहा मिनिटं गेली असतील. वारा जरा पडला. नजीरभाईंचा आवाज परत सुरू झाला, एक वल्हं मागं, अर्धं फुडं, थांब. आणि मग दोन कळकांमागे त्यांचा पांढरा झेंडा सरळ वर गेला.

मी सहा नावं घेतली. ‘तयार’ म्हटलं. लाल झेंडा वर केला. साठ माणसं पुढे वाकून थिजल्यासारखी बसली होती. मी थांबले. किती थांबले ते आजही सांगणार नाही. मग झेंडा खाली टाकला.

सहाही नाकं एकदम सुटली. पुढचं मला फक्त पाठमोरं दिसलं, वल्ह्यांचं पाणी आणि काठानं धावणारी माणसं. नजीरभाई कळक सोडून ट्रॉलीपाशी आले आणि म्हणाले, “साफ हाय. एक बी फुडं न्हवती.” त्यांनी खिशातून भाजलेल्या शेंगा काढून निम्म्या मला दिल्या.

पलीकडच्या काठाची होडी जिंकली. संभाची दुसरी आली, फरक अर्ध्या होडीचा. शर्यत संपते त्या घाटावर आम्ही पोचलो तेव्हा या काठाची माणसं त्याच्याभोवती जमली होती. परत आणायला लावली म्हणून दम गेला, पंचानं मुद्दाम केलं, असं चाललं होतं. दोन पोरं वल्ही घेऊन पुढे सरली. संभा पायरीवर बसून धापा टाकत होता. तो उठला आणि म्हणाला, “सुरवात बरुबर होती. पयली चुकली ती आमी चुकलो. वल्ही ठेवा खाली.” त्याचा आवाज तसाच हळू होता, पण वल्ही खाली ठेवली गेली.

पाहुणे केव्हाच निघून गेले होते. बक्षीस शेवटी हिंदुराव आबांच्या हातून दिलं. सुचवलं मी, आणि अण्णांनी लगेच आबांना वर बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना वहिनींनी गुळाची ढेप गाडीत ठेवली. मलकापूरला नजीरभाईंना सोडून दुपारी साताऱ्याला पोचले. कुणाला जायचं असेल तर श्रावण-भाद्रपदात सांगलीपासून वरपर्यंत कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत शर्यती होतात. तारखा पाण्यावर ठरतात, त्यामुळे आधी गावात फोन करून जा. जागा घाटावर धरू नका. सुरुवातीला धरा. तिथं गर्दी कमी असते आणि बघण्यासारखं जास्त.

घरी आल्यावर दोन दिवस झेंड्याचा खांदा दुखत होता. त्याच हातानं मी पंचांचा अहवाल लिहायला बसले. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. आभार मानले, सगळं चांगलं झालं म्हणाले. मग म्हणाले, “ते बॉमचं तेवढं लिवू नका. गावाचं नाव जातं.”

“गावाचं नाव माझ्या ब्लॉगवर लिहिणार नाही,” मी म्हणाले. “अहवालात मात्र जसं झालं तसंच लिहिणार. बॉम्ब उडाला हेही, आणि पाच होड्या हलल्या नाहीत हेही. दुसरं लिहायचं तर पहिलं लिहावंच लागतं.”

अहवाल आमच्या पंचांच्या संघटनेला पाठवला. एक प्रत समितीला टपालानं. आता पुन्हा बोलावणार नाहीत, हे मी धरून चालले होते, आणि त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं तेवढं वाटत नव्हतं. डोळ्यांपुढे सारखी ती पन्नास माणसं येत होती. कानापाशी बॉम्ब फुटलेला, शेजारची होडी पुढे गेलेली, काठावरून शिव्या पडतायत, आणि एकानंही वल्हं बुडवलं नाही. मी त्यांना सकाळी झाडाखाली अर्धा तास भेटले होते, इतकीच आमची ओळख.

परवा अण्णांचा पुन्हा फोन आला. अहवाल मिळाला होता. बराच वेळ पावसापाण्याचं, उसाचं बोलले. ठेवता ठेवता म्हणाले, “फुडल्या साली स्टेज खाली घाटावर बांदतो, शेवटाला. पावणं आमच्याजवळ ऱ्हातील. वरचं तुमी दोघं बगा.”